चौकशीकाका आणि माझं निर्जन गाव

आज मी चार ओळी सरळ लिहू शकतो ते भोरच्या चौकशीकाकांमुळे. खरं तर आधी काकूंचं नाव घ्यायला हवं, कारण काकांनी माझं पहिलं लिखाण खोडलं तेव्हा चहा काकूंनी पाजला. आणि फ्लेक्सच्या दुकानाचे शेठ, त्यांनी कामाच्या वेळात कॉम्प्युटर वापरू दिला आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिघांचेही उपकार आहेत. पण मुख्य काका. त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, "कुणाला विचारून?" आणि त्याच्यामागून, "संदर्भ?"

'संदर्भ' हा शब्द मी त्यांच्या तोंडून जेवढा ऐकला तेवढं माझं नावसुद्धा ऐकलं नाही.

मी आठवीत शाळा सोडली. हिंगोलीकडच्या आमच्या गावात तेव्हा पुष्कळ पोरांनी सोडली होती, कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पुण्याला आलो, तिथं काही जमलं नाही, म्हणून भोरला आलो. स्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात आधी झाडू मारला, मग फ्लेक्सला टांगायच्या रिंगा ठोकल्या, मग कधीतरी टाइप करायला बसलो. माझं मराठी शाळेपेक्षा त्या दुकानात जास्त झालं. त्यामुळे ते जरा वेगळंच झालं. माझ्या मराठीत माणूस कधी नुसता नसायचा, तो कार्यसम्राट असायचा. सत्कार भव्य असायचा, श्रद्धांजली भावपूर्ण असायची, आणि नवरदेवसुद्धा युवा नेतृत्व असायचा. साधं 'आहे' म्हणून संपणारं वाक्य मी कधी टाइपच केलं नव्हतं. फ्लेक्सवर क्रियापदाला जागा नसते.

काका पहिल्यांदा भेटले ते दुकानातच. वाढदिवसाचा एक फ्लेक्स वाळत टांगला होता. हे गृहस्थ रस्त्यावरून चालले होते, ते थांबले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचू लागले.

"गोरगरिबांचा कैवारी," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "वय काय ह्याचं?"

"अठरावं लागलंय," शेठ म्हणाले.

"अठराव्या वर्षी कैवारी. संदर्भ?"

"काका, गिऱ्हाईकानं सांगितलं, आमी छापलं. तुमी जावा की तुमच्या कामाला."

"हेच काम आहे," असं म्हणून ते गेले. शेठ मला म्हणाले, "ध्यान नको देऊ. एसटीतला माणूस हाय. सारा जन्म चौकशीच्या खिडकीत गेला, आता बाहेर आलाय तर जगाची चौकशी करतोय."

आपल्या माणसांनाही ते सूट देत नसत. जयंतीच्या वेळी त्यांच्याच वस्तीतली पोरं फ्लेक्स घेऊन आली. त्यात काकांचा फोटो, खाली 'ज्येष्ठ विचारवंत'. काका नेमके तेव्हाच आले.

"जय भीम काका! बघा, कसा झालाय?"

"जय भीम. विचारवंत कोण म्हणालं?"

"आवं मानानं लिवलंय. राहू द्या की."

"विचार करतो मी, नाही असं नाही. पण ज्येष्ठ विचारवंत हे ठरवलं कुणी? सेवानिवृत्त, एसटी. एवढं लिही." शेवटचं मला उद्देशून होतं. मी पोरांकडं पाहिलं, पोरांनी आकाशाकडं पाहिलं, आणि मी तसं लिहिलं. त्या फ्लेक्सवर बाकी सगळे मार्गदर्शक आणि आधारस्तंभ होते, आणि एका कोपऱ्यात एकच सेवानिवृत्त, एसटी.

त्यांच्या घराच्या मागची खोली मला भाड्यानं मिळाली ती त्यानंतर. माझंही घर जयभीमवालं, त्यामुळे विचारताना जीभ अडखळली नाही. काकूंनी विचारलं, "घरी कोण कोण?" मी म्हणालो, माय आहे, गावाकडं. काकूंना तेवढं पुरलं. काकांना पुरलं नाही. गावाचं नाव, तालुका, जवळचा डेपो आणि मुक्कामी गाडी कुठून सुटते, एवढं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी किल्ली दिली.

खिडकीतली सवय त्यांनी घरीही आणली होती. जे विचारलं तेवढंच सांगायचं, आणि माहीत नसेल ते सांगायचं नाही. त्यांच्या नोकरीतला किस्सा भोरमध्ये अजून सांगतात. एक म्हातारी वेल्ह्याच्या गाडीची वाट बघून कंटाळली आणि खिडकीशी आली.

"आरं बाबा, येल्ह्याची गाडी यील का?"

"वेळ होऊन गेली आजी."

"त्ये मला बी दिसतंय. यील का?"

"आली की सांगतो."

"आली की मला दिसंलच की रं मुडद्या!"

म्हातारी हसत होती म्हणतात, आणि काका गंभीर होते. आपलं काय चुकलं ते त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

घरात काकू सैपाकघरातून ओरडायच्या, "आवं, भात शिजला का बघा!" काका उठून जायचे, बघायचे आणि तिथूनच जाहीर करायचे, "झाकण हलतंय. आतलं काय सांगता यायचं नाही."

"मग झाकण काढा की!"

"ते तू सांगितलं नव्हतंस."

"कसा संसार केला माझा मला ठावं," काकू मला म्हणायच्या. "लगीन ठरवाया आलं तवा माझ्या बानं विचारलं, पोरीला सुखात ठेवाल का? तर म्हनलं, प्रयत्न करीन, खात्री न्हाई देत. बा रागावला. मला मात्र हसू आलं, म्हनून हितं हाय."

शिलाईच्या जुन्या मशीनवर फळी टाकून तिच्यावर काकांचा कॉम्प्युटर ठेवलेला. ते दिवसभर त्याच्यापुढं बसलेले असत. मला वाटायचं, एसटीची वेळापत्रकं बघत असतील. म्हाताऱ्या माणसाला करमणूक लागते.

आता माझं सांगतो.

एका दुपारी दुकानात वीज येऊन जाऊन करत होती आणि काम तुंबलं होतं. घरची आठवण आली म्हणून मोबाईलवर सहज आमच्या गावाचं नाव टाकलं. जगभरची माणसं मिळून लिहितात त्या ज्ञानकोशात आमच्या गावाचं पान निघालं! मला एवढा आनंद झाला की शेठला हाक मारणार होतो. पान छोटं होतं. गावाचं नाव, तालुका, जिल्हा. आणि खाली एक वाक्य, 'हे एक निर्जन गाव आहे.'

मी ते पुन्हा वाचलं. मग लगेच मायला फोन लावला.

"काय रे बाबू, या टायमाला? बरा हाईस ना?"

"बरा आहे. तू कुठं आहेस?"

"कुठं म्हंजे? चुलीपुढं. कामून?"

"काही नाही. बाजूला कोण आहे?"

"शेजारची आलीय, पोरगं भांडतंय तिचं. तुला ताप गिप आला का?"

मागून पोराचं रडणं ऐकू येत होतं, कुत्रं भुंकत होतं. मी म्हणालो, ताप नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या वाक्याकडं बघत बसलो. आमचं जुनं गाव नदीकाठी होतं. पुरात सारखं बुडायचं म्हणून सगळे वर माळावर राहायला गेले, नाव तेच राहिलं. खालचं गावठाण रिकामं पडलं. कुठंतरी त्या रिकाम्याची नोंद राहिली असणार आणि पानावर ती चढली असणार. हे मला कळत होतं. पण परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या गावात कुणीच नाही असं वाचायला लागलं की त्याला भलतेच प्रश्न पडायला लागतात. कुणी विचारलं कुठला, आणि त्यानं तिथंच मोबाईलवर बघितलं तर? मी कुठून आलोय मग?

पानाच्या वर 'संपादन' असं लिहिलेलं दिसलं. नाव नोंदवा म्हणाले. मी घाबरतच नोंदवलं. आता शिक्षण विचारतील, मग दाखला मागतील, असं वाटत होतं. नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं शिक्षण न विचारता मला आत घेतलं. त्या आनंदात मी लिहिलं, आणि जसं मला येत होतं तसंच लिहिलं: 'निसर्गाच्या कुशीत वसलेले, कष्टाळू, प्रेमळ व स्वाभिमानी ग्रामस्थांचे आदर्श गाव! समस्त ग्रामस्थांच्या वतीने सर्वांचे सहर्ष स्वागत!' हात थांबेना. खाली 'शुभेच्छुक' घालून गावातल्या दोस्तांची नावंही टाकली. एकाचं राहिलं असतं तर तो रागावला असता.

चहाचा ग्लास खाली ठेवेपर्यंत सगळं गायब. पुन्हा 'निर्जन'. काढणाऱ्याचं नाव होतं 'फलाट', आणि शेरा होता, 'संदर्भ नाही. जाहिरातवजा मजकूर. शुभेच्छुक काढले.'

मी पुन्हा टाकलं. त्यानं पुन्हा काढलं. मी शुभेच्छुक कमी करून टाकलं, त्यानं तेही काढलं. मग मी नुसतं लिहिलं, 'गावात माणसे राहतात. मी तिथलाच आहे.' तेही गेलं, आणि मला निरोप आला: 'असे पुन्हा केल्यास आपणांस संपादनापासून रोखण्यात येईल.'

'रोखण्यात येईल'! ही भाषा मी फक्त कोर्टाच्या आणि पोलिसांच्या कागदावर पाहिली होती. आपण सरकारी काहीतरी बिघडवलं. आता सायबरवाले येणार, दुकानात येणार, शेठ हाकलून देणार, मायला कळणार. खोलीवर जाऊन पिशवी भरावी का, असंही मनात आलं. मग वाटलं, काका ऑफिसच्या भाषेतले आहेत, त्यांना विचारू.

काका कॉम्प्युटरपुढंच होते. मी मोबाईल पुढं केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि निरोप वाचला.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

"काका, माझ्यावर केस होईल का? हा फलाट कोण असेल? पोलिसातला?"

"नाही. एसटीतला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच तो."

सैपाकघरातून काकूंचा आवाज आला, "काय झालं वो? का गप झालं पोरगं?"

"काही नाही. ह्याचा मजकूर काढला."

"कसला मजकूर?"

"ह्याच्या गावाचा."

काकू हात पुसत बाहेर आल्या. माझं तोंड बघितलं. "आवं, घरातल्या लेकराचं लिवलेलं काडता व्हय? आन वर भ्या घालता?"

"तिथं घरचा कोण आणि दारचा कोण दिसत नाही. आणि दिसला तरी काढलं असतं. भाडं वेगळं, संपादन वेगळं."

"ऱ्हाऊ द्या तुमचं संपादन. बस रं तू. चहा टाकते."

मग कळलं ते असं. त्या ज्ञानकोशात 'अलीकडील बदल' नावाचं एक पान असतं. कुणीही कुठंही काही लिहिलं की तिथं ओळ येते. काका दिवसभर ते बघत बसत. स्टँडवर गाड्या आत येताना बघायचे तसंच. प्रत्येक गाडीची पाटी वाचायची, चुकीच्या फलाटाला लागली असेल तर काढायला लावायची. माझी पाटी त्यांनी वाचली होती.

"पण काका, गावात माणसं आहेत. माझी माय आहे तिथं."

"मला मान्य आहे. पण तुझी आई हा संदर्भ होत नाही. छापील दाखव."

"आता फोन लावतो, बोला तिच्याशी."

"बोलीन. नमस्कारही करीन. पण ते छापील नाही."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हे लिहायला हरकत नाही. त्यांना तो दिसला असावा. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. "सुट्टी आहे ना? चल. कामथडीला जाऊ."

"तिथं काय आहे?"

"तुझं कुणी नाही. म्हणून."

त्यांचं म्हणणं असं की पहिलं लिखाण जिथं आपलं कुणी नाही अशा गावावर करावं. हात मोकळा सुटत नाही. आम्ही एसटीनं गेलो. कंडक्टर ओळखीचा, त्यानं विचारलं, "काका, कुठं?" काका म्हणाले, "दोन कामथडी. एवढंच विचारलंस." कामथडीत आम्ही उन्हात नुसते हिंडलो. काका मला विचारत, काय दिसतंय? मी म्हणे, हिरवंगार शिवार. ते म्हणत, हिरवं दिसतंय, गार कशावरून? पारावरच्या माणसांनी चौकशी केली. इंटरनेटवर गाव लिहायला आलेत, एवढं ऐकल्यावर माणसं जमली. एकजण म्हणाला, माझा भाऊ पंचायतीला उभा राहणार आहे, त्याचं नाव घ्या. दुसरा म्हणाला, 'भावी' लावा पुढं. मला ते सगळं ओळखीचं वाटलं, मी पेन काढलंसुद्धा. काकांनी माझा हात धरून खाली केला.

"कुठला पावणा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हा हिंगोलीचा. ह्याच्या गावात कुणी राहत नाही म्हणतात."

"मग ह्यो कुठनं आला?"

"तेच शोधतोय," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

संध्याकाळी त्यांनी मला पुढ्यात बसवून लिहायला लावलं. मी लिहिलं, त्यांनी त्यातलं बरंच काढलं. शेवटी जे उरलं ते असं, 'कामथडी हे पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरजवळ असलेले गाव आहे. शेती हा येथील मुख्य व्यवसाय आहे.' शेजारी छापील पुस्तकाचा संदर्भ. मला ते फार उघडंबोडकं वाटलं. मग पुन्हा वाचलं. त्यात 'आहे' होतं. मी 'प्रकाशित करा' दाबलं, ते तिथं गेलं आणि तिथंच राहिलं. कुणी काढलं नाही. काका एवढंच म्हणाले, "लागली गाडी." तेवढ्यावर मी रात्रभर खूश होतो.

एक सांगायला हवं, नाहीतर वाटेल की ते कधी चुकतच नव्हते. चुकायचे. एकदा गुंजवण्याकडच्या भाताच्या कुठल्याशा जातीबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाक्य त्यांनी ठामपणे काढलं, आणि नंतर ते खरं निघालं. ते सापडल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की सैपाकघरात जाऊन सांगितलं, "आज माझी चूक सापडली!"

"येकच?" काकू म्हणाल्या.

आमच्या गावाचं मात्र अडूनच होतं. मी मायला विचारलं, आपल्या गावाचं कधी पेपरात आलं होतं का. ती म्हणाली, "आलं म्हणे की. पाण्यासाठी बाया हंडे घेऊन तहसीलवर गेल्या, तव्हा फोटो आला. दुकानदारानं फ्रेम करून लावलाय. त्याची बायको म्होरं हाय ना त्याच्यात."

"तू आहेस का फोटोत?"

"मी रानात होते त्या दिशी."

फ्रेमचा फोटो मोबाईलवर आला. मोठा मथळा, गावाचं नाव, हंडे उचललेल्या बायका. मी धावत काकांकडं गेलो. त्यांनी बघितलं, मोठं करून बघितलं.

"पेपर कुठला? तारीख?"

ते नव्हतं. फ्रेममध्ये बसवताना कडा आत गेल्या होत्या की कापल्या होत्या, कळत नव्हतं. मी मायला म्हणालो, फ्रेम उघडायला लाव. ती गेली. दुकानदार म्हणाला, काच फुटंल, बायको जीव घेईल. माय परत आली. मी पुन्हा पाठवली. आमच्या गावात माणसं राहतात की नाही हे आता त्या फ्रेमच्या खिळ्यांवर येऊन थांबलं होतं. दुकानात मी बारशाच्या फ्लेक्सवर श्रद्धांजली टाइप करता करता वाचलो. शेठ म्हणाले, "आरं, कुठं लक्ष हाय तुजं?"

शेवटी माय वैतागली. "कोणाला पटत न्हाई रे आपून हितं राहतो म्हणून? त्याला म्हणावं ये हितं, भाकर खा, मंग लिही काय लिहायचं ते."

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "आईंना माझा नमस्कार सांग. भाकरी हा संदर्भ होत नाही. पण येईन म्हणावं."

दोन दिवसांनी दुकानदाराच्या बायकोनं स्वतःच फ्रेम उतरवली. आपला फोटो हिंगोलीच्या बाहेर जाणार हे तिला कळलं होतं. कडा कापलेल्या नव्हत्या, दुमडलेल्या होत्या. आत पेपरचं नाव होतं, तारीख होती, पान क्रमांकसुद्धा होता. मी काकांच्या मशीनच्या फळीपुढं बसून लिहिलं, 'गावात कष्टाळू लोकवस्ती आहे.' काकांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी 'कष्टाळू' काढलं. खाली संदर्भ लावला. 'निर्जन' हा शब्द मी स्वतःच्या हातानं खोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर 'निर्जन' परत.

या वेळी फलाट नव्हता. दुसराच कुणीतरी होता, कुठल्या गावचा कोण जाणे. त्याचा शेरा होता, 'कात्रण ऑनलाइन उपलब्ध नाही. संदर्भ अमान्य.' मी मोबाईल खिशात घातला आणि रिंगा ठोकत बसलो. मला वाटलं, आठवीत शाळा सुटलेल्या माणसानं या फंदात पडूच नये. त्या लोकांची भाषा वेगळी, कायदे वेगळे. गाव काय, मी म्हणालो म्हणून ओसाड होणार आहे की वसणार आहे? असं मनाला सांगितलं, पण मन ऐकत नव्हतं. संध्याकाळी खोलीवर आलो तर काकू दारातच.

"ह्यांला जरा सांग तू. सकाळधरनं जेवले न्हाईत. ताट गार झालं. भांडत बसलेत."

"कुणाशी?"

"मला काय ठावं कुनाशी? त्या डब्यात हाय कोनीतरी."

काका कॉम्प्युटरपुढं बसले होते, चष्मा डोळ्यांवर, पाठ ताठ. आमच्या गावाच्या चर्चापानावर ते त्या दुसऱ्या माणसाशी वाद घालत होते. मी मागं उभा राहून वाचलं. 'संदर्भ ऑनलाइनच असावा असा नियम नाही. नियम पाहावा.' पुढं त्या माणसाचं काहीतरी. मग काकांचं, 'वर्तमानपत्राचे नाव, तारीख व पान दिले आहे. कात्रण मी स्वतः पाहिले आहे.' पुन्हा त्याचं. पुन्हा ह्यांचं. आयुष्यभर खिडकीत बसून एक शब्द जास्त न बोललेला माणूस आमच्या गावासाठी पानभर बोलला होता. त्यात विशेषण एकही नव्हतं.

"काका, जेवा आधी. राहू द्या."

"थांब. त्याचं उत्तर यायचंय."

"नाही आलं तर?"

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "येईल," ते म्हणाले.

काकू दारात होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. नंतर मला म्हणाल्या, "ऐकलंस का? यील म्हनले. माझ्या बापाला बी कंदी म्हनले न्हाईत."

उत्तर आलं. 'मान्य. बदल पूर्ववत करत आहे.' एवढंच. पान उघडलं. 'गावात लोकवस्ती आहे.' काका उठले, हात धुतले आणि गार झालेलं ताट संपवलं. मी मायला फोन केला. ती म्हणाली, "झालं का एकदाचं? आता जेव."

भांडी घासायला मी काकूंना मदत करत होतो. मी सहज विचारलं, काकांचं गाव कुठलं, त्याचं पान बघितलं पाहिजे. काकूंनी मोरीतलं पाणी बंद केलं.

"न्हाई त्येंचं पान. येल्ह्याकडं वाडी हुती त्येंची, धरनात गेली. हे काय ल्हान न्हवते तवा, मोठे हुते, नोकरीत हुते. आता पानी हाय तितं."

"मग लिहीत का नाहीत?"

"म्या बी इचारलं. म्हनले, आपल्या वाडीवर लिवाया बसलो तर हात माझा ऐकायचा न्हाई. आन छापील बी कुठं घावत न्हाई म्हनले. लई शोदलं त्येंनी. सोताचं म्हनून सूट न्हाई."

त्या रात्री 'अलीकडील बदल' बघत बसलेल्या काकांच्या पाठीकडं मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आता मी भोरला नाही. सुरतेच्या एका छपाईच्या कारखान्यात आहे, हिंगोलीपासून आणखी लांब. कामावर घेताना इथं शिक्षण विचारलं. मी आठवी सांगितली, आणि पुढं हेही सांगितलं की ज्ञानकोशात लिहितो. साहेब हसला, पण मग त्यानं मोबाईलवर पाहिलं आणि हसायचा थांबला. तेव्हा मी दाराकडं सरकलो होतो, कारण मी घाबरट आहे तो आहेच. मात्र जे तिथं आहे त्याला संदर्भ आहे.

काकूंशी फोनवर बोलतो. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एक डोळा बरा, एक तसाच. डॉक्टरनं कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं आहे. काका म्हणाले, कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दाखवा.

काका, तुमच्या वाडीचं पान मी लिहिणार आहे. तिथं माझं कुणी नाही, म्हणजे नियमात बसतं. सुट्टीत पुण्याला आलो की जुन्या पेपरांच्या वाचनालयात बसतो. अजून काही हाती लागलेलं नाही, लागेल. वाडीत घरं किती होती, माणसं कुठं गेली, जेवढं छापील मिळेल तेवढंच लिहीन. एकही विशेषण घालणार नाही, तळमळून वाटलं तरी घालणार नाही. तुम्ही माझ्या गावात माणसं परत आणलीत, त्याची फेड याशिवाय मला दुसरी सुचत नाही. फक्त तोवर दुसरा डोळा सांभाळा. ते तुम्हालाच तपासायचं आहे.